म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट



गाय, बैल, म्हैस यांच्या आजारांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. शेळ्या-कोंबड्यांच्या वाट्यालाही अधूनमधून एखादं भाषण येतं. पण दावणीजवळ, उंबऱ्याबाहेर, मळ्याच्या वाटेवर जो बारा महिने राखण करतो, त्या कुत्र्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. कारण उघड आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. कुत्र्याचं नाव आपल्या जमाखर्चाच्या वहीत कुठंच येत नाही. तो तरणा असतो तोवर त्याचं कुणावाचून अडतही नाही. काय मिळेल ते खातो, पचवतो आणि भुंकतो.

अडचण सुरू होते ती तो दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर. समजा, तुमच्या वस्तीवर मोत्या नावाचं असं कुत्रं आहे. एके दिवशी ते अंगणात ओकतं. पुढं चार दिवस पातळ हगतं. मग आठवडाभर बरं असतं, आणि पुन्हा तेच. सारवलेलं अंगण खराब होतं, घरातली बाई वैतागते, आणि कोणीतरी म्हणतं, "वय झालं त्याचं, चालायचंच!" या एका वाक्यानं मोत्याची जागा ओसरीवरून गोठ्यामागे जाते, गोठ्यामागून उकिरड्याच्या कडेला जाते. काही जण तर त्याला लांब नेऊन सोडूनही येतात.

आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की 'वय झालं' हे कोणत्याही आजाराचं नाव नव्हे. निरोगी कुत्र्याची पचनशक्ती केवळ वर्षं वाढली म्हणून फारशी ढासळत नाही. तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट वारंवार बिघडत असेल तर त्याला काहीतरी कारण असतं. ते कारण पुष्कळदा सापडतं. आणि सापडलं की निम्मा उपाय घरच्या माणसाच्याच हातात असतो. मी पशुवैद्य नाही, मुलांना शिकवणं हा माझा व्यवसाय. औषधांची मात्रा सांगणं हे डॉक्टरांचं काम, ते त्यांच्याकडेच राहू द्या. घरच्या माणसानं काय पाहावं, काय खायला द्यावं, काय देऊ नये आणि दवाखाना केव्हा गाठावा, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

प्रथम कुत्र्याचं पचन कसं चालतं ते थोडक्यात पाहू. मौज अशी की माणसाला पचनाचं शास्त्र शिकवण्यात कुत्र्याच्या पोटाचा मोठा वाटा आहे. रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून पाचक रस कसे पाझरतात ते उलगडलं, आणि त्या कामाबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. अन्न जठरात पोचण्यापूर्वीच, ते नुसतं तोंडात आलं तरी, जठरात रस सुटू लागतो असं त्यांना दिसून आलं. जेवणाची खूण पटली की लाळही सुटते. हा प्रयोग शिक्षक मंडळींना ठाऊक असेलच. म्हणजे पोट आधीपासून तयारीला लागतं. यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे: कुत्र्याला रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला द्यावं. आज सकाळी आठला, उद्या दुपारी दोनला, परवा आठवणच नाही, हा प्रकार तरण्या कुत्र्याला सोसतो, म्हाताऱ्याला सोसत नाही.

दुसरी गोष्ट दातांची. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, म्हणजे माणसापेक्षा १० जास्त. पण त्याचा जबडा वर-खाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरून दळत नाही. कुत्रं तोडतं आणि गिळतं. त्याच्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारा रसही नसतो. ते काम पुढं लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसानं होतं. म्हातारपणी दातांवर कीट चढतं, हिरड्या सुजतात, काही दात पडतात. मग वाळलेली भाकरी तशीच्या तशी पोटात जाते. पुष्कळदा 'मोत्याला अन्न जात नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा पोट ठीक असतं आणि दुखत असतो तो दात. म्हणून आधी त्याचे ओठ हळूच वर करून दात-हिरड्या पाहाव्यात. मात्र गिळता न येणाऱ्या किंवा लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये. तसं का, ते पुढं सांगतो.

कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भाकरी-भात पचतच नाही, असंही काही लोक सांगतात. ते खरं नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवण्याची सोय कुत्र्याच्या शरीरात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, असं त्यांना आढळलं. माणसाच्या सोबतीनं हजारो वर्षं राहून कुत्रं आपल्या ताटातलं पचवायला शिकलं. तेव्हा भाकरीला दोष देऊ नये. ती मऊ करून, कुस्करून द्यावी म्हणजे झालं.

आता निरीक्षणाकडे येऊ. एखाद्या दिवशी ओकलं, दोन दिवस पातळ झालं, आणि कुत्रं खेळतं-खातं आहे, तर घाबरण्याचं कारण नाही. उकिरड्यावर काहीतरी खाल्लेलं असतं. गवत खाल्लं म्हणूनही काळजी करू नये. धडधाकट कुत्रीही गवत खातात. परंतु ओकणं किंवा जुलाब तीन आठवडे चालू राहिले, अथवा थांबून थांबून परत येऊ लागले, की तो जुनाट आजार समजावा.

इथं दोन बाबतींत बारकाईनं पाहावं लागतं. पहिली, ओकणं. कुत्रं अस्वस्थ होतं, लाळ गाळतं, पोट आत-बाहेर उसळतं आणि मग अन्न बाहेर पडतं. ही खरी ओकारी. कधी मात्र कुत्रं नुसती मान खाली घालतं आणि खाल्लेला घास, न पचलेला, काही जोर न लावता बाहेर पडतो. हा दोष जठराचा नसून अन्ननलिकेचा असतो, आणि त्याचा उपायही निराळा असतो. डॉक्टरांना हा फरक सांगितलात तर त्यांचं काम सोपं होईल. आणखी एक प्रकार आहे: पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकायचा आणि मग दिवसभर बरं राहायचं. रात्र फार लांबली की पित्त जठरात उलटतं. अशा कुत्र्याला रात्री निजण्यापूर्वी चार घास द्यावेत. एवढ्यानं पुष्कळ कुत्र्यांना आराम पडतो.

दुसरी बाब जुलाबाची. ती पाहायला किळस वाटेल, पण तिथंच आजाराची निम्मी ओळख पटते. शी पुष्कळ आहे, दिवसातून दोन-चार वेळा आहे आणि कुत्रं वाळत चाललं आहे, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. शी थोडी थोडी, पण पुन्हा पुन्हा, कुंथून कुंथून होते, तिच्यात आव आणि कधी लाल रक्ताचे ठिपके असतात, तर बिघाड मोठ्या आतड्यात असतो. अशा कुत्र्याचं वजन सहसा फारसं उतरत नाही. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असली तर वर कुठंतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. आणि कुत्रं सारखं खा-खा करतं, तरी हाडं वर येतात, शी ढीगभर, फिकट आणि तेलकट पडते, तर स्वादुपिंडाचा रस कमी पडत असावा अशी शंका घ्यावी. यावर औषध आहे, पण ते जेवणाबरोबर जन्मभर द्यावं लागतं.

मलावरोध हीसुद्धा म्हाताऱ्या कुत्र्याची मोठी तक्रार आहे. तिचं पहिलं कारण हाडं. यात्रेनंतर, कंदुरीनंतर वस्तीवरची कुत्री हाडं चघळून चघळून भरपूर खातात, आणि दोन दिवसांनी पांढरी, खडूसारखी कोरडी शी कुंथत बसतात. दुसरं कारण पाणी कमी पडणं. तिसरं सांध्यांचं दुखणं: मागचे पाय दुखतात म्हणून कुत्र्याला नीट बसताच येत नाही. चौथं कारण फक्त नरांत, आणि तेही खच्ची न केलेल्या नरांत. वयपरत्वे त्यांची पुरस्थ ग्रंथी वाढते आणि मळाची वाट दाबते. ही चार कारणं वेगळी आहेत, तेव्हा 'एरंडेल पाजा' हे चौघांनाही एकच उत्तर कसं लागू पडेल?

मुळात पोटाची तक्रार दिसली तरी तिचं मूळ पोटातच असेल असं नाही. मूत्रपिंडं थकली की कुत्रं जास्त पाणी पितं, जास्त मुततं आणि ओकू लागतं. यकृताच्या आजारात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. मधुमेह कुत्र्यांनाही होतो. गोचीडतापानं कुत्रं खंगतं, अन्न सोडतं. पोटातली गाठ हेही म्हातारपणी एक कारण असतं. यातलं नेमकं काय आहे हे रक्त तपासल्यावाचून, कधी सोनोग्राफी केल्यावाचून कळत नाही.

आणि जंत! खेड्यातल्या कुत्र्याच्या बाबतीत जंतांचा विचार सर्वांत आधी करावा. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. कुत्र्याच्या हिरड्या गुलाबीच्या फिकट पांढऱ्या होतात. पट्टकृमीचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात, आणि या कृमीचा एक नेहमीचा प्रकार पिसवांमार्फत येतो. म्हणून पिसवा तशाच ठेवून नुसती जंताची गोळी दिली तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच दाणे दिसतात. सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देण्याचा प्रघात आहे. पण ते कुत्र्याच्या वजनावर ठरतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून द्यावं. ताज्या शीचा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात नेला, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसू शकतात.

हे केवळ कुत्र्याच्या भल्यासाठी सांगत नाही. अंकुशकृमीची बारीक पिलं ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि खाजरी, वेडीवाकडी रेघ उठवतात. मेंढपाळ बंधूंनी तर एक गोष्ट कटाक्षानं पाळावी. मेंढी किंवा शेळी कापल्यावर पाण्यासारख्या गाठी असलेलं काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढं टाकू नये. त्या गाठींतून एक अगदी बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. कुत्र्याला त्याचा विशेष त्रास होत नाही, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात, आणि त्यासाठी कधी शस्त्रक्रिया करावी लागते. असं मांस खोल पुरावं. कुत्र्याची शी फावड्यानं उचलून पुरावी. पोरांनी कुत्र्याशी खेळून झाल्यावर साबणानं हात धुवावेत.

आता खाण्याकडे वळू, कारण घरच्या माणसाचं खरं काम तिथंच आहे. जुनाट पोटदुखण्याची पुष्कळ कुत्री केवळ अन्न बदलल्यानं सुधारतात. म्हणून डॉक्टरही इतर मोठी कारणं दिसत नसतील तर प्रथम आहाराचाच प्रयोग करून पाहतात. या प्रयोगाचा नियम एकच: ठरलेलं अन्न, आणि ठरलेल्या अन्नाखेरीज काहीही नाही. निदान दोन आठवडे. अडचण येते ती इथंच. आई भात देते, आजोबा चहात बुडवलेला टोस्ट टाकतात, पोरगं बिस्किट देतं, आणि शेजारचे काका उष्टी पत्रावळ पुढं सरकवतात. मग 'भातानं काही गुण आला नाही' म्हणायचं! प्रयोग करायचा तर घरातल्या सगळ्यांनी, आणि शेजाऱ्यांनीही, तो पाळला पाहिजे. नाहीतर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं, हे कधीच कळणार नाही.

पोट बिघडलेलं असताना काय द्यावं? मऊ शिजवलेला भात दोन वाट्या आणि कातडी, चरबी, हाड काढून नुसत्या पाण्यात शिजवलेली कोंबडी एक वाटी, अशा प्रमाणात कालवून द्यावं. मीठ, मिरची, तेल काही नको. माळकरी घरात कोंबडी चालत नसेल तर मऊ भातात साय काढलेलं ताजं दही किंवा पातळ, गाळीव मूगडाळ थोडी थोडी घालून पाहावी. शिजवलेला लाल भोपळा एक-दोन चमचे घातला तर पुष्कळ कुत्र्यांना मानवतो. दिवसाचं सगळं अन्न एकदम न देता तीन-चार वेळा वाटून द्यावं. पाणी नेहमी समोर असावं आणि ते रोज बदलावं. कुत्रं सारखं ओकत असेल तर पाणी एकदम भांडंभर न देता घोट घोट द्यावं. 'पोटाला विसावा' म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला दोन-दोन दिवस उपाशी ठेवण्याची रीत मात्र बरी नव्हे. तरण्याला ती सोसते, म्हातारं त्यानं खचतं.

हा साधा आहार थोड्या दिवसांसाठी आहे. महिनोन्‌महिने नुसता भात आणि कोंबडी दिली तर कॅल्शियम आणि इतर क्षार कमी पडतात. पोट स्थिरावलं की नेहमीच्या अन्नाकडे परत यावं, पण एकदम येऊ नये. पहिले दोन दिवस चार भागांतला एक भाग नेहमीचं अन्न, मग दोन भाग, मग तीन, असं करत आठवड्यानं पूर्ण बदलावं. नेहमीचं अन्न म्हणजेही कालची तिखट आमटी नव्हे. ज्वारी-बाजरीची भाकरी कोमट पाण्यात किंवा बिनमिठाच्या पातळ वरणात भिजवून, कुस्करून द्यावी, आणि जोडीला उकडलेलं अंडं किंवा थोडं बिनचरबीचं मांस. कायमचा आहार काय असावा हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

इथं मला नामदेवांची कथा आठवते. कुत्र्यानं भाकरी पळवली, आणि तो कोरडी भाकरी कशी खाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. भूतमात्रांत देव पाहण्याची याहून सुंदर कथा क्वचितच सापडेल, आणि तिचा भाव आपण जरूर घ्यावा. मात्र पोट बिघडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तुपाची वाटी घरातच ठेवावी. तूप, चरबी, तळणीचं उरलेलं तेल, मटणाच्या रश्श्यावरची तर्री या स्निग्ध पदार्थांनी पोटाच्या तक्रारी वाढतात. काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येते, पोटात असह्य दुखतं, आणि प्रसंगी कुत्रं त्यात दगावतं. सणावारी आपण प्रेमानं काय वाढतो याचा विचार करावा तो यासाठी.

दुधाचंही तसंच. वाढलेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. आजारी म्हणून बशीभर दूध पाजावं आणि जुलाब वाढावेत, असं होतं. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींचा नाश करतो. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नाशिक, सांगलीकडच्या बागाईतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चॉकलेटही विषारी आहे. शिजवलेली हाडं तर देऊच नयेत. त्यांच्या टोकदार कपच्या होतात आणि आतडं फाडतात.

इसबगोल घरोघर असतो. मोठ्या आतड्याच्या जुलाबात आणि मलावरोधातही त्याचा उपयोग होतो. मध्यम बांध्याच्या कुत्र्याला अर्धा ते एक चहाचा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, अन्नात कालवून देतात. कोरडा कधीही देऊ नये.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आवरावा. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं बिघडवतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं देऊ नये. म्हातारं कुत्रं लंगडतं म्हणून कुणी गोळी दिली, आणि आठवड्यानं ते रक्त ओकू लागलं, हे घडू शकतं. जुलाब बांधणारी माणसाची गोळी देऊ नये. मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही देऊ नयेत. साध्या जुलाबांत त्यांची बहुधा गरज नसते, आणि आतड्यातले उपयोगी जंतू त्यांनी मरतात. तंबाखूचं पाणी, रॉकेल असले उपाय तर अघोरीच म्हटले पाहिजेत.

पुढील लक्षणं दिसली तर मात्र उद्याची वाट पाहू नये. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आहे, कुत्रं ओकण्याचा प्रयत्न करतं पण काही पडत नाही: यात जठराला पीळ पडलेला असतो, आणि काही तासांत प्राण जातो. कारवानी जातीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत याचा धोका अधिक. रक्ताची ओकारी, काळी शी, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, दिवसभर पाणीसुद्धा न टिकणं, ही तशीच निकडीची लक्षणं. आणि म्हातारी, न खच्ची केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत फार पाणी पिऊ लागली, ओकू लागली, मलूल झाली, तर ते पोटाचं दुखणं नसून गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अंगावरून काही जात नसलं तरीही हा संभव असतो.

आणखी एक इशारा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कुत्र्याला गिळता येत नाही, तोंडातून सारखी लाळ गळते, जबडा लोंबतो आहे, तर 'घशात हाड अडकलं असेल' असं समजून तोंडात हात घालू नका. ते पिसाळण्याचंही लक्षण असू शकतं. अशा वेळी कुत्र्याला कोंडावं आणि दवाखान्याला कळवावं. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. पिसाळल्याचा रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. कुत्रं म्हातारं झालं म्हणून त्याची दर वर्षाची लस चुकवू नये ती याचमुळं.

आता शिक्षक मित्रांना एक सूचना करतो. पाचवी-सहावीच्या वर्गात ज्यांच्या घरी कुत्रं आहे, अशा मुलांना एक वही घालायला सांगा. तारीख, काय खाल्लं, ओकलं का, शी किती वेळा आणि कशी, पाणी नेहमीइतकंच प्यालं का, एवढे पाच रकाने पुरेत. महिन्यातून एकदा वजन. शाळेत वजनकाटा असतोच. मुलानं आधी एकट्यानं उभं राहायचं. मग कुत्रं उचलून घेऊन उभं राहायचं. कुत्रं जड असेल तर हे काम मोठ्या माणसानं करावं. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कुत्र्याचं वजन. समजा, शिपाईदादांचं वजन ५८ किलो आणि मोत्याला घेऊन ७६.५ किलो भरलं. मोत्या झाला १८.५ किलो. तीन महिन्यांपूर्वी तो २१ किलो होता. अडीच किलो घटले, म्हणजे शेकडा सुमारे १२. कुत्र्याचं वजन असं दहाव्या हिश्शाहून अधिक उतरलं तर थांबू नये, दवाखान्यात न्यावं. अंगावरच्या केसांमुळं ही घट डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. वजाबाकी, शेकडेवारी, निरीक्षण आणि भूतदया असे चार पाठ या एका वहीत होतात. ही वही हातात घेऊन दवाखान्यात गेलात तर 'किती दिवसांपासून?' या प्रश्नाला 'बरेच दिवस झाले' असं मोघम उत्तर द्यावं लागत नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने गुरांसाठी आहेत तसे कुत्र्यांसाठीही आहेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. अधिक तपासण्या लागल्या तर मुंबईत परळला १८८६ साली निघालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथंही अशी महाविद्यालयं आहेत. डॉक्टर शी आणि रक्त तपासतील, आहार ठरवून देतील, आणि आतड्याच्या जुनाट आजारात रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं ते लागल्यास सुईवाटे देतील.

जुनाट आजार बहुधा मुळापासून जात नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. गुण आला म्हणून आहार सोडला की दुखणं परत येतं. माणसाचा मधुमेह जसा सांभाळावा लागतो, तसं हे पोट सांभाळावं लागतं. आठवड्यातले सहा दिवस कुत्रं नीट खात असेल, ओळखीच्या माणसाला पाहून शेपूट हलवत असेल, रात्री शांत झोपत असेल, तर उपचार साधला असं समजावं. आणि सगळं करूनही ते दिवस मावळले, कुत्रं उठेना, पाणी टिकेना, वेदनेनं कण्हू लागलं, तर त्याला रानात सोडून येण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलावं. वेदना न होता शेवट करण्याचा मार्ग त्यांच्यापाशी असतो, आणि तो निर्णय घेताना आपलं माणूस जवळ असावं एवढीच त्या मुक्या जिवाची गरज असते.

ती वेळ यायला अजून पुष्कळ अवकाश असेल. तूर्त मोत्याच्या हिरड्या गुलाबी आहेत का, फासळ्यांवर बोट फिरवलं तर त्या किती लागतात, आणि सकाळची शी कशी होती, एवढं पाहून ठेवा. वहीत पहिली ओळ त्याचीच लिहा.